चार आटे

आयोगाकडून आलेल्या कागदावर अकरा प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी दोन रेघा. दोनच. तळाला जाड अक्षरांत छापलं होतं की उत्तर दिलेल्या जागेतच बसवावे, जादा कागद जोडू नये.

चावीवाल्याने तो कागद चार दिवस डब्याच्या पिशवीत फिरवला. त्याच्यावर तेलाचा डाग पडला. पाचव्या दिवशी पंपघरात रेडिओने तो पिशवीतून खेचून काढला. रेडिओ म्हणजे पंप चालवणारा. पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून तीस वर्षं बोलत आल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे, आणि गप्प बसणं तर त्याच्या कुंडलीतच नव्हतं, म्हणून हे नाव.

"अरे, परवा द्यायचाय हा! आण पेन. पहिला तर मीच भरतो."

१. नाव, हुद्दा, सेवेची वर्षे.

"हुद्दा काय टाकू? हिरो?"

"चावीवाला टाक."

"आयोगाच्या कागदावर चावीवाला? त्यांना वाटेल बाजारात बसून कुलपांच्या चाव्या घासतोस." रेडिओने वळणदार अक्षरात लिहिलं: झडपचालक, श्रेणी तीन. सव्वीस वर्षे.

सव्वीस वर्षं तो शहराला पाणी सोडत होता. छातीएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दांडा धरून स्वतः गोल फिरायचं. एक फेरी म्हणजे एक आटा. बाजाराची लाइन अठरा आटे, इस्पितळाची चोवीस, टेकडीची बेचाळीस. टेकडीचा व्हॉल्व्ह सगळ्यात जुना आणि कुरकुरणारा. त्याचे आटे मोजताना चावीवाला कुणाच्या नमस्काराला नमस्कारसुद्धा करत नसे. लोक समजून घ्यायचे. मोजणी चुकली तर कुणाची तरी आंघोळ राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२. आपण कोणाच्या आदेशाने काम करता?

खात्याच्या. चिठ्ठी आल्यावर.

दोन रेघांत एवढंच बसलं. जे बसलं नाही ते असं. त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पहिल्याच आठवड्यात खात्याचं एक पत्र त्याच्यासमोर धरलं होतं. वर राज्याचं चिन्ह, खाली सही. "हे वरचं बघ. हे माझ्या बापाच्या पत्रांवर पण असंच होतं. खालची सही मात्र दर दोन-चार वर्षांनी बदलते. ते सरकार. आपण वरच्याचे." रेडिओ त्यात भर घालायचा की पगार वरचा देतो आणि शिव्या खालचा खातो, इतकी सोयीची नोकरी दुसरीकडे मिळायची नाही.

चावीवाल्याची एक आवडती गोष्ट होती. भाचेकंपनीला, शेजाऱ्यांना, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या अनोळखी माणसालाही तो ती सांगायचा. एकदा सरकार दुपारी पडलं आणि नवं यायला तीन दिवस लागले. तीन दिवस देशाला सरकारच नव्हतं. "आणि मी रोज पहाटे साडेपाचला पाणी सोडलं. एकाही नळाला कळलं नाही." एवढं बोलून तो थांबायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचा. ताई म्हणायची, "झालं याचं सुरू. आता सांगेल, मीच राज्य." तो म्हणायचा, "मी नाही गं. पण माझ्याशिवाय चालवून दाखवा."

३. दिनांक सतरा रोजी मिळालेला आदेश लेखी होता की तोंडी?

तोंडी. फोनवरून. पहाटे पाच वाजता.

टेकडीवरच्या लोकांनी वॉर्ड ऑफिसला कुलूप ठोकलं होतं. निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलल्यावर ते रस्त्यात बसले आणि उठेनात. सरकारने खालून रस्ता बंद केला. भाजी बंद, गॅस बंद. तरी उठेनात. मग पंपघरात फोन वाजला. थेट मंत्र्यांच्या कार्यालयातून, खात्याला वगळून.

"टेकडीची लाइन बंद करा."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी मागाहून येईल. दोन दिवसांचा प्रश्न आहे. घसा कोरडा पडला की उतरतील आपोआप."

"साहेब, चिठ्ठीशिवाय..."

"तुमच्याबरोबर आमचा माणूस देतोय. तो बघेल."

चिठ्ठी कधीच आली नाही.

४. सदर आदेशाचे पालन आपण कसे केले?

इथे पेन थांबला.

बरोबर दिलेला शिपाई विशीतला होता, जांभया देत होता. त्याने आयुष्यात व्हॉल्व्ह पाहिला नव्हता. चावीवाला फिरू लागला. दहा. वीस. टेकडीवर, वळणाच्या खालच्या अंगाला, तळमजल्याच्या दोन खोल्यांत ताई राहायची. पुढच्या खोलीत तिची शिलाई, मागच्या खोलीत आई. तीस. आई एक्याऐंशी वर्षांची. पस्तीस. रात्रीत तीनदा पाणी मागायची. अडतीस.

तो थांबला.

"झालं?" शिपायाने विचारलं.

"झालं."

पंपघरात येऊन त्याने नोंदवहीत लिहिलं: ६.१०, टेकडी लाइन पूर्ण बंद, आटे ४२. सव्वीस वर्षांत त्या वहीत त्याने लिहिलेली ती पहिली खोटी ओळ. लिहिताना छाती भरून आली. चार आटे. तळमजल्याच्या नळांना करंगळीएवढी धार, बस. वरच्या मजल्यांना तेवढीही नाही. पण बादली भरेल. आईचा तांब्या भरेल.

चावीवाल्याने सांगितलं आणि रेडिओने कागदावर लिहिलं: अडतीस आटे बंद केले. चार उघडे ठेवले.

दोन रेघांत छान बसलं.

*

आता या चार आट्यांचं सांगायला हवं. ते अकरापैकी एकाही प्रश्नात नव्हतं.

टेकडीची लाइन वळणापाशी गटाराला लागून जाते. पाइप जुना, सांधे झिजलेले. पाइप भरलेला असला की पाणी सांध्यांतून बाहेर पाझरतं. वाया जातं, खात्याचे अहवाल होतात, बिघडत काही नाही. पाइप पूर्ण रिकामा आणि नळ बंद असले तरी लोकांच्या पोटात काही जात नाही. पण पाइप अर्धामुर्धा वाहत असला, दाब नसला, की तो बाहेरचं आत ओढतो. मिस्त्रीने हे दुसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं. चावी धरणारा प्रत्येक माणूस हे जाणतो, जसं भाकरी करणारा प्रत्येक हात तवा जाणतो. लाइन एकतर सोडायची किंवा बंद करायची. मध्ये ठेवायची नाही.

त्याला माहीत होतं. अडतिसाव्या आट्याला थांबताना माहीत होतं. पण तेव्हा ते मागे कुठेतरी होतं, आणि पुढे आईचा तांब्या होता. संध्याकाळपर्यंत उघडायला सांगतील, एका दिवसाने काय होतंय, असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच धरलं. व्हॉल्व्हपाशी आता तीन शिपाई बसायचे, उघडणं हातात नव्हतं. बंद करणं होतं. ते चार आटे बंद करून येतो म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण म्हणजे आईच्या नळाची धार आपल्या हाताने तोडायची. ते त्याच्याने झालं नाही.

चौथ्या दिवशी खात्याचं ओळखपत्र दाखवून तो वर गेला. ताईच्या दारात रांग होती. तळमजल्याचा नळ म्हणून अख्खी गल्ली तिच्याकडे पाणी भरत होती आणि ताई ओट्यावर उभी राहून, "दोन-दोन भांडी, दोन-दोन, ढकलू नका, माझा भाऊ आहे तिकडे, धार तुटायची नाही," असं ओरडत होती. तिच्या डोळ्यांत त्याने लहानपणी बघितलेली चमक होती, शाळेत तो पहिला आला होता त्या एका वर्षीची.

आई खाटेवर उठून बसली. "आलास? ताई सांगत होती, तूच सोडतोस म्हणे चोरून." तिने उशाच्या तांब्यातून फुलपात्र भरलं आणि थरथरत्या हाताने त्याच्यापुढे धरलं. "घे. तुझंच आहे."

त्याने नाकाशी नेलं. वास अगदी पुसट होता. दुसऱ्या कुणाला आला नसता.

तो प्यायला. सगळं.

"उकळून घेत जा गं," तो जाताना ताईला म्हणाला.

"कशावर? गॅस संपून आठवडा झाला."

"तरी. जमेल तसं."

"बरं, साहेब," ती हसून म्हणाली आणि पुन्हा रांगेकडे वळली.

याहून जास्त तो काही बोलला नाही. रांगेला, त्या चमकणाऱ्या डोळ्यांना, आईच्या हाताला, कशाला काय म्हणायचं हे त्याला सुचलं नाही. त्याला स्वतःला काहीच झालं नाही. पोट नुसतं गुरगुरलंसुद्धा नाही.

सातव्या दिवशी आई गेली. दोन दिवसांच्या जुलाब-उलट्यांनी, चिपाडासारखी होऊन. टेकडीवर एकूण एकोणीस गेले. बहुतेक म्हातारे आणि पोरं.

नवव्या दिवशी सरकार पडलं. टेकडीमुळे पडलं की आपसांतल्या भांडणाने, यावर अजून वाद चालू आहे. लाइन उघडायचा आदेश मात्र लेखी आला, तीन प्रतींत. चावीवाला सुतकात होता, म्हणून दुसऱ्या वॉर्डचा माणूस गेला. त्याने मोजले आणि नोंदवहीत लिहिलं: आटे ३८.

तिथून सगळं सुरू झालं. वहीत बंद बेचाळीस, उघडले अडतीस. वर्तमानपत्रात आलं, 'चार आट्यांचा माणूस'. टेकडीवरच्या लोकांनी माथ्यावरच्या पडक्या हौदातलंही पाणी प्यायलं होतं, तेव्हा रोग हौदातूनच आला असं सगळ्यांनी धरलं. सरकारने पाणी तोडलं म्हणून माणसं हौदाकडे वळली आणि मेली. एका साध्या झडपचालकाने जमेल तेवढं वाचवलं. मंत्र्यावर खटला उभा राहिला, वर आयोग बसला. रस्त्यात अनोळखी बायका चावीवाल्याला थांबवून त्याचे हात हातात घेऊ लागल्या. तो हात सोडवून घ्यायचा आणि लोक म्हणायचे, किती साधा आहे.

*

पाचवा, सहावा, सातवा प्रश्न वाहन, भत्ता आणि गणवेशाबद्दल होते. रेडिओने तिन्हींवर 'लागू नाही' मारलं. घोडं अडलं ते पुढे.

८. टेकडीवरील मृत्यूंच्या कारणांबाबत आपणास काही माहिती आहे काय?

"नाही टाक," रेडिओ म्हणाला. "तू काय डॉक्टर आहेस?"

चावीवाल्याने त्याच्या हातून पेन काढून घेतला, कागदाची घडी केली आणि तो इंजिनिअरबाईंच्या खोलीत गेला. बाईंच्या टेबलावर पाइपांचे नकाशे, नकाशांवर डबा आणि डब्यात चमचा तसाच. त्या खात्यात त्याच्याहून सहा वर्षांनी धाकट्या आणि चार पायऱ्या वर होत्या.

"बाई, आठवा प्रश्न."

बाईंनी वाचला. मग उठून दार लोटलं.

"चावीवाले, मला अडतीस आकडा बघताक्षणी कळलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी पाइप शिकलेय. वळणापाशी काय आहे ते मला माहीत नाही का?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही बोललात?"

बाईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. ऐका. मंत्र्याचा वकील काय म्हणतोय माहितीये? आम्ही फक्त बंद करायला सांगितलं. टँकर ठेवले होते पायथ्याशी. खाली उतरायचं आणि न्यायचं. लोक हौदाकडे गेले, त्याला आम्ही काय करणार. आता तुम्ही उद्या उभे राहून म्हणालात की हौद नाही, नळ. बंद नाही, अर्धवट. मग काय होईल? एकोणीस माणसं सरकारच्या हुकमाने नाही, हुकूम मोडल्याने मेली. मंत्री हात झटकून घरी जाईल."

"पण खरं तर तेच आहे."

"खरं आहे. पण तोडायला कुणी सांगितलं, हेही खरंच आहे ना? खटला सरकारवर आहे. तुम्ही तोंड उघडलंत की तो राज्यावर येतो. आणि राज्यावर आला की कुणावरच राहत नाही. उद्या नवी सही येईल, चौकशी चालू आहे म्हणेल, संपलं."

"बाई, अडतीस आटे त्यांचे होते, हे मला मान्य आहे," चावीवाला म्हणाला. "चार कुणाचे, ते सांगा. चार महिने मी तेवढंच विचारतोय स्वतःला. सरकारने सांगितले नव्हते. खात्याच्या नियमात बसत नाहीत. मग कुणाचे?"

बाईंनी डब्यातला चमचा काढून उगाच पुसला.

"तुमचे," त्या म्हणाल्या. "पण ते तुमच्यापाशीच ठेवा."

*

ताईने त्याला सुनावणीसाठी शर्ट शिवायला घेतला होता. "टीव्हीवर दिसणारेस. ते खांद्याला गंजाचे डाग पडलेलं घालून जाशील तर माझी अब्रू जाईल." आदल्या दिवशी दुपारी त्याला माप बघायला बोलावलं होतं. आईची खाट काढून तिथे तिने कपड्यांची टोपली ठेवली होती. त्या टोपलीकडे पाठ होईल असा तो उभा राहिला.

"सरळ उभा राहा. बाक काढलाय नुसता. चाव्या फिरवून फिरवून खुरपं झालायस." ताईने ओठांत टाचण्यांची ओळ धरली आणि काखेतलं कापड चिमटीत घेतलं. "हं. हात वर."

ओठांत टाचण्या असताना तिला बोलता येत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने ती वेळ मुद्दाम निवडली की नाही, हे तो पुढे कधीच सांगू शकला नसता.

"ताई, रोग हौदातून नाही आला. नळातून आला. मी चार आटे ठेवले ना, त्यामुळे. दाब नसला की पाइप गटारातलं आत ओढतो. मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी मी आलो तेव्हा वास पण आला होता मला. मी उकळून घ्या म्हटलं. एवढंच म्हटलं."

तिचा हात काखेत थांबला. ती एक टाचणी लावत होती, ती तिने नीट पूर्ण लावली. मग ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत टाकल्या. सहा होत्या. प्रत्येकीचा आवाज झाला.

"मी वाटलं," ती म्हणाली.

त्याला वाटलं ती 'असं वाटलं' म्हणतेय. मग कळलं.

"मी वाटलं ते. बादल्या भरभरून. समोरच्या शिक्षिकेची पोर येत नव्हती, तिला बोलावून घेतलं मी. ये गं, लाजू नको, माझ्या भावाचं पाणी आहे. माझ्या हाताने तिचं भांडं भरलं."

"ताई, तुला माहीत नव्हतं."

"तुला होतं."

तिने टाचण्यांच्या डबीचं झाकण लावलं.

"तू सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर आई प्यायली नसती का?"

"दुसरं पाणी नव्हतंच गं."

"प्यायली असती. तुझं म्हणून प्यायली असती, तुला वाईट वाटू नये म्हणून. मला तेच..." ती वाक्य सोडून उठली. कापड मोजायची पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. "उद्या तू तिथे काय सांगणारेस?"

"खरं सांगतो. मला नाही गं पेलत आता. लोक हात धरतात माझे."

"नाही सांगायचं."

"ताई..."

"मी काय म्हणते ते ऐक. माझ्याशिवाय अठरा घरं आहेत. रोज येतात इथे, बसतात. त्यांना कुणावर तरी चिडायचंय, छोट्या. तुझ्यावर चिडून त्यांचं भागणार नाही. तू फार लहान आहेस. तो माणूस सुटेल, आणि सुटला की परत येईल, परत फोन करेल. मग दुसरा कुणी चावीवाला असेल." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू उद्या खोटं बोल. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी बोल. हात धरू देत तुझे. सोडवून घेऊ नको."

"आणि तू?"

"काढ तो शर्ट. टाचण्या आहेत, सांभाळून. बाही राहिलीय, शेजारच्या पोरीबरोबर सकाळी पाठवते."

"ताई, तू काय?"

"मी तिथे येईन," ती म्हणाली. "यावंच लागेल. त्याच्यानंतर इथे येऊ नकोस."

*

(आयोगाच्या कामकाजाच्या नोंदीतून, जसंच्या तसं.)

अध्यक्ष: आपण सव्वीस वर्षे सेवेत आहात. आपण कोणाचे नोकर? सरकारचे?

साक्षीदार: पाणीखात्याचा.

अध्यक्ष: खाते कोणाचे?

साक्षीदार: ते आता तुम्हीच ठरवा, साहेब. आम्हाला कुणी विचारलं नाही कधी.

(हशा.)

अध्यक्ष: आपण चार आटे उघडे का ठेवले?

साक्षीदार: माझी आई वर राहत होती.

अध्यक्ष: फक्त आईसाठी?

साक्षीदार: हो.

अध्यक्ष: आपण नम्र आहात. नोंद व्हावी की सरकारने राज्याचा हात राज्याच्याच माणसांवर चालवायचा प्रयत्न केला, आणि त्या हाताने नकार दिला.

साक्षीदार: नकार नव्हता, साहेब.

अध्यक्ष: म्हणजे?

(साक्षीदार काही वेळ बोलला नाही.)

नोंदीत एवढंच आहे. साक्षीदार त्या वेळात काय करत होता, ते नोंदीत नाही. तो दुसऱ्या रांगेत बघत होता. तिथे टेकडीवरची माणसं दाटीवाटीने बसली होती. शिक्षिका होती, मांडीवर मुलीचा फोटो उलटा धरून. तिच्या शेजारी ताई. ताई त्याच्याकडे बघत होती, पण ओळखीचं बघणं नव्हतं ते. शिवण उसवायची की राहू द्यायची हे ठरवताना ती कापडाकडे तसं बघायची.

हे सगळं आता बोलून टाकावं, असं त्याला वाटलं. जीभ उचलली गेली. एका वाक्याचं काम होतं. शिक्षिकेने तेवढ्यात मान हलवली, बोला, बोला, असं. धीर द्यायला.

साक्षीदार: म्हणजे, नकार द्यायची माझी लायकी नाही, असं म्हणतोय.

अध्यक्ष: मृत्यूंच्या कारणांबाबत आपणास काही माहिती आहे का? आठव्या प्रश्नाचे उत्तर आपण कोरे सोडले आहे.

साक्षीदार: नाही.

अध्यक्ष: माहिती नाही, असे लिहू?

साक्षीदार: लिहा.

(टाळ्या. अध्यक्षांनी शांततेचे आवाहन केले.)

टाळ्या दुसऱ्या रांगेतून सुरू झाल्या. सगळी रांग उठली. ताई एकटीच बसलेली दिसली असती, म्हणून तीही उठली आणि इतरांइतक्याच जोराने टाळ्या वाजवू लागली. बाकीच्यांच्या थांबल्यावर तिच्याही थांबल्या.

*

बाहेर पायऱ्यांवर शिक्षिकेने त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही. ती तो नुसता धरून उभी राहिली, आणि तिच्या मागून आणखी कुणी कुणी येऊन त्याच्या बाहीला, खांद्याला हात लावत गेले. तो सगळ्यांना मान डोलावत होता.

एका फोटोवाल्याने गर्दी बाजूला केली. "बहीण कुठेय? बहीण हवी शेजारी." ताईला पुढे आणलं गेलं. "ताई, भावाच्या खांद्यावर हात ठेवा ना जरा."

तिने ठेवला.

"थोडं जवळ. अजून. हां. हसू नका, असंच छान आहे." त्याने तीन फोटो काढले, मग उभा धरून एक. "झालं. धन्यवाद."

हात उचलला गेला.

"आईचा चष्मा तुझ्याकडे राहिलाय," ताई समोर बघतच म्हणाली. "काडी बसवायला नेला होतास."

"हो. बसवून आणलीय."

"पाठवून दे. कुणाच्या तरी हाती."

टेकडीवरची गाडी लागली होती. बायकांनी ताईला हाताला धरून आत घेतलं आणि खिडकीची जागा दिली. शिक्षिका तिच्या शेजारी बसली. दारात लटकलेल्या एकाने चावीवाल्याला हाक मारली, "अहो, चढा की! आपलीच गाडी आहे. आज जेवायला वरच या."

"तुम्ही व्हा पुढे," चावीवाला म्हणाला. "मी येतो मागून."